चौदा महिने

बाबा पंपाच्या कारखान्यात फिटर होते आणि आई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. मी तेरा वर्षांची असताना एका शुक्रवारी बाबा भरदुपारी घरी आले, बूटही न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मालाला मागणीच नाही. एक तारखेपासून आठवड्यातून तीनच दिवस काम. पगारही अर्धा."

"बोर्डावर लावलंय, की कुणी नुसतं तोंडी सांगितलं?" आईने विचारलं.

"बोर्डावर."

"मग खरं आहे," ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला गेली.

कारखान्यातले बाकीचे लोक म्हणत होते, दोन महिने कळ काढा, सगळं सुरळीत होईल. आईने दोन दिवसही काढले नाहीत. रविवारी सकाळी ती घरमालकांकडे गेली आणि महिनाअखेर घर रिकामं करतो असं सांगून आली. दोन मोठ्या खोल्या, गॅलरी, दुपारपर्यंत ऊन येणारं स्वयंपाकघर. सहा वर्षं आम्ही तिथे राहत होतो.

बाबांचा पारा चढला. "अजून पगार बंद झालेला नाही, आणि तू गाशा गुंडाळायला निघालीस?"

"बंद झाल्यावर निघालो तर आपल्याला काढलं असं होईल," आई म्हणाली. "आज निघालो तर आपण आपल्या पायांनी निघालो."

संध्याकाळी काका आले. बाबांचे थोरले भाऊ, बोलायला मोठे आणि मनाने त्याहून मोठे. "अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मलाही कळतं," ते आईला म्हणाले, "पण तू तर अंथरूणच मोडीत काढलंस! लोक काय म्हणतील? भाड्याला कमी पडत असेल तर माझ्याकडून घे."

"भाऊजी, अंथरूण आहे तिथेच आहे. मी फक्त पाय आखडतेय," आई हसून म्हणाली. "तुमचे पैसे तुमच्याकडेच असू द्यात. घेतले तर भाडं तेवढंच राहील आणि वर तुमचं देणं."

मागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली मिळाली. भाडं आधीच्या निम्म्याहून कमी. जिना इतका अरुंद, की बाबांनी पहिल्या बोनसमधून घेतलेलं कपाट काही केल्या वर चढेना. ते तिथेच, जिन्याखाली, विकून टाकलं. बाबा तेवढा वेळ कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. त्यानंतर महिनाभर ते घरात कामापुरतंच बोलत. मीही शाळेतून येताना मैत्रिणींना चुकवून लांबच्या रस्त्याने यायची.

पण असल्या गोष्टी कुठे लपतात? एक दिवस मधल्या सुट्टीत एकीने सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला घरातून काढलं का गं?" मी घरी येऊन ढसाढसा रडले.

आईने मला रडू दिलं. मग समोर बसवलं आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं सगळं सांगितलं: दोघांचे मिळून किती येतात, खोलीला, शाळेला, जेवणाखाण्याला किती जातात, बँकेत काय आहे. "उद्या बाबांचा पगार पुरता बंद झाला," ती म्हणाली, "तरी कुणापुढे हात न पसरता आपण चौदा महिने राहू शकतो. तिथेच राहिलो असतो तर पाच."

बाबा खिडकीपाशी दाढी करत होते. त्यांचा हात थांबला. "किती म्हणालीस?"

"चौदा."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे? रागावला होतात."

अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून बाबा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

पाचव्या महिन्यात कारखान्याला टाळं लागलं. त्याच आठवड्यात एक ठेकेदार जिना चढून आमच्या खोलीत आला. रोज अकरा तास काम, मजुरी जुन्या पगाराच्या निम्मी. बाबांच्या बरोबरीच्या कितीतरी कसबी माणसांनी होकार दिला होता. त्यांचा काय दोष? घरभाडं थकलेलं, दुकानदार दारात. बाबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जमणार नाही."

"विचार कर. मागे पन्नास जण रांगेत आहेत."

"मग त्यांना ताटकळत ठेवू नका," बाबा म्हणाले आणि त्याला जिन्यापर्यंत पोचवून आले. जिना अंधारा होता म्हणून बॅटरीही दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून इमारती पालथ्या घालू लागले. मंदीच्या काळात कुणी नवीन पंप घेत नव्हतं, जुनेच दुरुस्त करत होतं; आणि पंपाचं पोट बाबांना आपल्या तळहातासारखं ठाऊक होतं. पहिल्या महिन्यात चारच कामं मिळाली. तिसऱ्यात रविवारची सुट्टी गेली. घाईघाईत कुठे कमी दर लावला नाही की कच्चं काम केलं नाही. नवव्या महिन्यात ते जुन्या पगाराइतकं कमवू लागले, तेव्हा चौदा महिन्यांच्या शिलकीतले जेमतेम तीन महिन्यांचे पैसे खर्च झाले होते. ठेकेदाराकडे पिचलेले दोन जुने सोबती त्यांनी आपल्याबरोबर घेतले, पूर्ण मजुरीवर.

मग एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघराचं वर्षभराचं काम निघालं. बाबा तिथून परतले ते एकेक पायरी गाळत. आई दवाखान्यातून नुकतीच आली होती.

"मॅनेजर म्हणाला, दर खाली आणा. दोनदा म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काहीच नाही. दर एकदा सांगितला होता. गप्प बसलो. तो पंख्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. शेवटी त्यानेच सही केली." बाबांनी कागद तिच्या हातात दिला. "हातात कसब माझंच होतं. पण असं गप्प बसायची ऐपत तू दिलीस."

 आईने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि भाजी चिरायला घेतली. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने ही हकिकत डॉक्टरांना सांगितली, नर्सला सांगितली आणि खुर्चीत आ वासून बसलेल्या तीन पेशंटनाही सांगितली. बिचाऱ्यांना नुसती मान हलवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.