पाणबुडीतली झोप

फकिरा फोटोवाल्यानं मले एकदा जितेपणी मारलं, हे साऱ्या दारव्ह्याले ठाऊक हाय. मीच सांगत फिरतो.

सत्तर सालची गोष्ट. मी, खेमसिंग, आमच्या तांड्यातला पहिला नौदलवाला. विशाखापट्टणमले पाणबुडीवर होतो. फकिरा इथलाच, पण तिथल्या एका स्टुडिओत नोकरीले लागलता. कॅलेंडरसाठी आमचे फोटो काढाचं काम त्याच्या मालकाले भेटलं अन् हा चार दिवस आमच्यात राह्यला. गंज, ढीगभर चांगले फोटो काढले लेकानं. कोणी मगभर पाण्यात दाढी करून राह्यला, कोणी इंजिनापाशी आलू सोलून राह्यला. मी टॉर्पेडोशेजारच्या फळीवर झोपलो होतो, तोही काढला.

अन् मेहेरबानी म्हणून माह्या याडीले, म्हणजे आईले, डाकेनं धाडला. पण धाडाच्या आधी ब्रश चालवलाच. दारव्ह्यात होता तवा त्याचं कामच ते होतं. मेलेल्या माणसाचा फोटो आला का हार घालाच्या आधी त्याचे मिटलेले डोळे उघडे रंगवाचे. बुढी घाबरन म्हणून त्यानं माहेही उघडले. तांड्यात असे डोळे फक्त मेलेल्याचेच पाह्यलेले. सोबतची चिठ्ठी वाचाले कोणी थांबलंच नाई. मी सुट्टीवर घरी पोचलो तं माह्याच फोटोले हार, अन् याडी मले हात लावाले भ्याली.

तवापासून छत्तीस वर्षं मी फकिराले शिव्या देतो अन् दारव्ह्यात परतून त्यानं टाकलेल्या दुकानात बसूनच चहा पेतो.

यंदा तो चहा बंद झाला. कापसानं जिल्ह्याचं जे केलं ते केलं, कर्जापायी शेतकरी जीव देऊ लागले, अन् फकिराकडं एकच काम येऊन राह्यलं होतं. ज्याच्या घरी जितेपणीचा फोटो नाई, ते मेल्यावर काढलेला घेऊन येत अन् म्हणत, डोळे उघडून द्या. सारे तरणे पोट्टे. तीन हप्ते झाले, त्यानं शटर ओढलं. जेवत नाई, बोलत नाई, असं त्याची बायको कोकिळा सांगत आली. मले भेव वाटलं. हा माणूस हातचा जाते, असंच वाटलं.

घरचा तो जुना फोटो काढून मी त्याच्या पुढ्यात ठेवला.

"तुह्यापायी छत्तीस वर्षं जागा हाय मी," म्हणलं. "पूस हे डोळे. झोपू दे मले."

त्यानं चष्मा लावला, कापसाचा बोळा ओला केला अन् हळूहळू पुसू लागला. रंग गेला अन् खालून मी निघालो. बावीस वर्षांचा, तोंड उघडं, गाढ झोपेत.

"घोरत होता बे तू," फकिरा म्हणाला. "कॅमेऱ्याचा आवाजही आयकू येत नोता."

तीन हप्त्यांतलं त्याचं पहिलं बोलणं. मंग तो रडला, मीही रडलो. कोकिळानं न विचारताच चहा आणला, अन् फकिरानं कप उचलला.