चांदीचा बारीक आवाज

मित्रांनो, मी एक जुना डिटेक्टर आहे, जमिनीखालचा धातू हुडकणारा. एक दांडा, खाली थाळी आणि वर मालकाच्या कानाला लावायचे हेडफोन, एवढाच माझा संसार. नव्या यंत्रांना पडदे असतात. मला मात्र फक्त आवाज आहे. लोखंड लागले की मी घुरघुरतो, चांदी लागली की उंच, बारीक स्वरात गातो.

इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यातले सिरिल गूच टपाल वाटण्याच्या कामातून निवृत्त झाले आणि त्यांनी मला घरी आणले. पहिल्याच हिवाळ्यात, गावाबाहेरच्या बार्लीच्या शेतात, आम्हाला चांदीचे एक झिजलेले नाणे मिळाले. सिरिलनी माझी पाठ थोपटली. "एकटं नाही आलं हे," ते म्हणाले. "याची भावंडं इथंच कुठंतरी झोपलीत." तेव्हापासून त्यांना त्या भावंडांचाच ध्यास लागला.

सोबतीला त्यांचा मित्र नेव्हिल असे. दोघे काठ्या रोवून शेताचे पट्टे वाटून घेत. दुसऱ्याच्या पट्ट्यात न विचारता थाळी फिरवायची नाही, ही धातू हुडकणाऱ्या लोकांची रीत. भांडण झाले तरी ती मोडत नाहीत.

पुढे सिरिलचे कान मंदावले. जाड आवाज ऐकू येत, बारीक विरून जात. त्यांच्या पत्नी बेरिलबाई चिडत. "चहा गार झाला म्हणून केव्हाची ओरडतेय. कान विकलेस की काय?"

"तूच पुटपुटतेस," सिरिल म्हणत.

मी गात असे आणि ते पुढे निघून जात. खिळे तेवढे उकरत. "म्हातारा झालाय हा," असे म्हणून माझी बॅटरी बदलत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! मला फार वाईट वाटे, पण यंत्राचे गाऱ्हाणे कोण ऐकणार?

मग शेत विकले गेले. तिथे घरे होणार होती आणि आमच्यासाठी शेवटचा एक रविवार उरला होता. त्या दिवशी, कुंपणाजवळच्या सिरिलच्या पट्ट्यात, माझ्या थाळीखाली चांदी आली. एखादे नाणे नव्हे, पुष्कळ चांदी. आयुष्यात गायलो नव्हतो इतका मी गायलो. सिरिल सावकाश चालत राहिले. मी जीव तोडून ओरडत होतो आणि ते शीळ घालत होते.

संध्याकाळी नेव्हिलने विचारले, "काही लागलं का?"

"बटणं आणि खिळे."

नेव्हिल जरा घुटमळला. "तुझ्या पट्ट्यावरून मी एक फेरी मारू का?"

"का? मला चालता येत नाही?"

"तसं नाही रे."

"मग आपला पट्टा बघ."

नेव्हिलने मान खाली घातली आणि काठ्या उपटल्या. आठवडाभरात खोदकामाची यंत्रे आली, पाया खणला आणि काँक्रीट ओतले गेले.

वसंतात बेरिलबाईंनी हट्टाने नवऱ्याच्या कानात श्रवणयंत्रे बसवून आणली. घरी येताच सिरिलनी मला खोपटातून काढले, हेडफोन चढवले आणि गालिच्यावर चांदीचा चमचा ठेवून थाळी फिरवली. मी गायलो. ते हसले. पुन्हा फिरवली, आणि त्यांचे हसू मावळले.

"बेरिल, हा आवाज मी किती वर्षांत ऐकला नव्हता?"

सिरिलनी चमचा बाजूला केला आणि हलक्या आवाजात मला विचारले, "त्या दिवशी तू गात होतास का रे?"

थाळीखाली आता नुसता गालिचा होता. मी गप्प राहिलो.

मित्रांनो, आमची निगा राखा, चिखल पुसून ठेवा. पण त्याहून मोठी विनवणी ही की ऐकू येईनासे झाले तर लाजू नका, मोकळेपणी सांगा. आणि "मी एक फेरी मारू का?" असे कुणी विचारले, तर त्याला तुमच्या पट्ट्यात येऊ द्या.