तिसऱ्या अंकातलं रडणं

भाग्यलक्ष्मी गेल्याचे कळले तेव्हा तिचा नवरा शंभू देवळाच्या मांडवात राजा होऊन उभा होता. जत्रेचे नाटक तोंडावर आले होते, आणि तालमीला आता रिहर्सल म्हणायचे, असा पणजीहून आणलेल्या रामचंद्र सरांचा हुकूम होता. म्हापशाच्या इस्पितळातून पसरकाराच्या किराणा दुकानात फोन आला. निरोप घेऊन धावला बाबली, आणि नाटकात दूताचे कामही बाबलीलाच होते.

"शंभूदा, वैनी गेली," तो धापा टाकत म्हणाला.

"बाबली, ही तुझी एन्ट्री नव्हे!" सर खेकसले. "आधी राजाचा पॉज. क्यू मिळाल्याशिवाय विंगेतून हलायचं नाही, किती वेळा सांगू?"

बाबली बिचारा पहिल्या रिहर्सलपासून याच चुकीसाठी बोलणी खात होता. तो खरोखरच मागे सरला, विंग म्हणून बांधलेल्या चादरीआड उभा राहिला आणि सरांनी हात हलवल्यावर पुन्हा आत आला.

"वैनी गेली."

"वैनी काय रे? राणीसाहेब म्हण!"

"राणीसाहेब न्हय सर," बाबली रडवेला झाला. "शंभूदाची बायल."

सगळ्यांनी शंभूकडे पाहिले. तिसऱ्या अंकात राणी मेली की हा माणूस असा रडायचा की मांडवातल्या बायका डोळ्यांना पदर लावत. आज त्याने पुठ्ठ्याचा मुकुट काढून खुर्चीवर ठेवला, चपला शोधल्या आणि चालू लागला.

घरी त्याने सगळे रीतीप्रमाणे केले, पण डोळ्यांतून टिपूस आले नाही. शंभू केरीच्या फेरीबोटीवर कामाला होता. त्याचे पाठांतर स्वयंपाकघरात व्हायचे. भाग्यलक्ष्मी नारळ खवता खवता पुस्तकात बघून प्रॉम्प्टिंग करायची. सरांचे इंग्रजी घरात आल्यापासून तर तिला चेव चढला होता. "अहो राजे, हुमणाची एन्ट्री झाली," ती माशांची आमटी वाढत म्हणायची, "हात धुवायचा क्यू आता कोण देणार?" हे सगळे त्याला आठवत होते. रडायला हवे, हे कळत होते. रडणे तेवढे येत नव्हते.

"मांडवात रडतो, घरात नाही," शेजारचा गोकुळदास दुकानात म्हणालाच. "घरात टाळ्या कुठे मिळतात?"

शंभूच्या बहिणीने, सुमंगलाने, ते ऐकले. "दादा, एकदा मोकळा हो रे," ती म्हणाली. "लोक काय काय बोलतात."

सुतकामुळे शंभूला देवळाची पायरी चढता येईना. रामचंद्र सर भेटायला आले ते डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्या रघुनाथला घेऊनच.

"शंभूबाब, दुःख मोठं आहे. पण देवाचं नाटक थांबवता येत नाही. तुमचा रोल याला दिलाय. डायलॉग पाठ आहेत, रडण्यात इमोशन नाही."

"मी रडलो की लोक हसतात," रघुनाथ म्हणाला. "चढावर ट्रक अडकल्यासारखा आवाज येतो."

शंभू उठला. ओसरीवर त्याने गुडघा टेकला, छातीवर हात नेला आणि "मृणालिनी!" अशी हाक फोडली की परसातली गुरे बिचकली. मग तो रडला. आतल्या बायकांनी हुंदके सुरू केले. सुमंगला धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली.

"रडला गो, रडला माझा दादा!"

शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. गोकुळदासने डोळे पुसले. "बरं झालं बाबा. साचलेलं वाहून गेलं."

सर रघुनाथच्या कानाशी लागले. "टायमिंग बघितलंस?"

शेवटच्या वाक्याआधीचा पॉजसुद्धा शंभूने चुकवला नव्हता. मृणालिनी ही नाटकातली राणी, हेही घरच्या-शेजारच्यांच्या ध्यानात आले नाही. सुमंगला पाठीवरून हात फिरवत होती, आणि त्याने तो फिरवू दिला.

जत्रेत रघुनाथ छान रडला म्हणतात. शंभूबद्दलचे बोलणेही थांबले. सुतक फिटल्यावर तो फेरीवर परत गेला. भाग्यलक्ष्मीसाठी रडायचे अजून राहिले आहे.