कोळ्याच्या नावावर खपवलेलं विष

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं. "सदर महिलेस घरातील विषारी कोळी चावल्याने प्रकृती बिघडली," असं पंचनाम्यात तुमच्या सहीशिक्क्यानं लिहिलं आणि कागदासोबत पॉलिथिनच्या पुडीत एक मेलेला कोळी टाचून दिला. मी कागद वाचला, पुडी उजेडात धरून पाहिली. किळस आली, पण ती कोळ्याची आली असं समजू नका.

माझी सासू कांताबाई तीन दिवसांपासून यवतमाळच्या वॉर्डात पडून आहे. डॉक्टर रोज एकच विचारतात, "घरात औषध कोणतं फवारलं? नाव आणा, बाटली आणा, नुसतं लेबल आणा." लक्षणं पाहून इंजेक्शनं चालू आहेत, पण पुढं काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही हे त्या नावावर ठरणार आहे. ते नाव तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून झालं तसं सगळं लिहिते.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी सासू बाजेवर उठून बसली आणि ओरडली, "ममे, पाह्य तं वं मानेले काय झालं! आग पडून राह्यली."

पदर बाजूला करून पाहिलं. कानामागून गळ्यापर्यंत लाल पट्टा, त्यावर पिवळट पाण्याचे बारीक फोड. तापलेली तार ओढल्यासारखे. एक फोड फुटून पदराला चिकटला होता.

शेजारची तानाबाई कुंपणावरूनच म्हणाली, "मकडी मुतली! दुसरं काही नाही. आमचूर लाव."

"काकू, मकडी अशी मुतत नाही."

"तू काय तिच्या मांगं लोटा घेऊन फिरतं काय?"

सासू मान धरून हसली. "फिरते तं! माह्या सुनेचं अर्धं ध्यान शिलाई मशीनवर अन् अर्धं मकडीवर. म्हणून तं भाजीत मीठ नसते."

खोटं नाही. नवरा संघर्ष हैदराबाद रोडवर ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी मशीनवर बसते, सुई ओवताना नजर भिंतीवर जाते. आमच्या घरात कोळ्याच्या तीन जाती आहेत, दहा वर्षं पाहते आहे. न्हाणीच्या कोपऱ्यात लांब केसासारख्या तंगड्यांचा, जाळ्याला बोट लावलं की थरथर नाचणारा. खिडकीवर बुटका, केसाळ, उड्या मारणारा. तो मान वर करून माणसाकडे पाहतो आणि माश्या खातो. तिसरा दारामागचा, तळहाताएवढा, चपटा. तो जाळं विणत नाही, झुरळं धरतो. त्याची मादी पोटाखाली पांढरी चकती धरून असते. चकती म्हणजे अंडी. ती बाई मलाही आवडत नाही. अंगावरून पळाली तर मी किंचाळते. पण तिघांपैकी एकानंही या घरात कुणाला फोड आणला नाही.

मग आणलं कुणी? बाजेच्या वर बल्ब आहे. सासूची वाकळ झटकली तर दोन किडे पडले. मुंगीसारखे लांबुडके, अंगावर एक पट्टा लाल, एक काळा. पाऊस झाला की बल्बला येतात. मानेवर बसला, झोपेत हातानं चिरडला, की त्याचा रस जिथवर ओढला जाईल तिथवर कातडी भाजते. मागच्या वर्षी माझ्या मनगटावर असंच झालं होतं, आणि तो किडा मी माझ्याच हातानं चिरडला होता. दोन्ही किडे मी गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवले.

त्याच दुपारी तुम्ही आला. नाकाला रुमाल, हातात फॉर्म. परवा स्वच्छतेची तपासणी समिती येणार, ज्या घरात जळमट दिसेल त्याचे गुण कापणार. टॉर्च मारून तुम्ही माझं घर पाहिलं, जणू चोरीचा माल शोधत आहात. दारामागची मादी दिसली तेव्हा दोन पावलं मागं सरला. मग सासूची मान दिसली आणि तुमचा चेहरा उजळला.

"हे बघा! जळमटं ठेवल्याचं फळ. कोळी फिरला अंगावरून. सगळ्या गावात फवारणी करून घेतो."

मी बाटली पुढं केली. "साहेब, हे किडे पाहा. हे बल्बला येतात. बल्ब बाजेवरून काढून दाराबाहेर लावते. जळमटं बांबूला फडा बांधून काढते. टिनाखालच्या फटी सिमेंटनं बुजवते. मकडी आपोआप कमी होते. फवारा नको."

"हे मुंगळे आहेत, ताई. शिक्षण किती तुमचं?"

"नववी नापास."

"मग आमचं काम आम्हाला करू द्या."

सासूनं तुम्हाला चहा विचारला होता. तुम्ही आमच्या घरचा नको म्हणालात आणि पलीकडं जाऊन घेतला. तेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची जीप आली. मागं फकिरा, पाठीवर पंप. फकिरा आमच्याच गावचा, कपाशीच्या हंगामात लोकांच्या वावरात फवारा मारतो. जीपमधून एक निळा कॅन उतरला. त्यावर लेबल नव्हतं, लेबल खरवडल्याचा डिंक होता. फकिरानं झाकण उघडलं आणि सगळ्या आंगनात कपाशीचं वावर शिरलं. डोळे चुरचुरले.

"फकिराभाऊ, हे वावरातलं व्हय न?"

"वास तं थोच हाय, वहिनी. कालवूनच आणलं त्याहीनं. मले म्हनलं, तू फक्त मार."

मी तुम्हाला विचारलं, "साहेब, औषधाचं नाव काय?"

तुम्ही मोबाईल पाहत होता. "कोळी साध्या औषधानं मरत नाही. घर दोन तास बंद ठेवा, मग झाडून घ्या."

आमच्या भागात हे सगळेच करतात, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. बोंडअळीचं थोडं उरलं, मावा-तुडतुड्याचं थोडं उरलं, फेकायचं कसं, म्हणून एकाच कॅनमध्ये ओततात. मग ढेकूण झाले की तेच, गोठ्यात गोचीड झाली की तेच. लोक अडाणी म्हणून करतात असं तुम्ही भाषणात सांगता. तुम्ही शिकून तेच केलं, फक्त जीपमधून आणून केलं.

मी पिठाचा डबा बाहेर काढला, पाण्याचे गुंड बाहेर काढले, भाकरीचं टोपलं काढलं, सासूला निंबाखाली बसवलं. आतल्या दोरीवरच्या वाकळा काढायच्या राहिल्या. ती माझी चूक आहे. मी लिहिते आहे, लपवत नाही. तुम्ही तुमची लिहा.

दोन तासांनी दार उघडलं. साहेब, तुम्ही तेव्हा तिसऱ्या गल्लीत होता, तुम्ही पाहिलं नाही. भुईवर पाय ठेवायला जागा नव्हती. झुरळं उताणी पडून तंगड्या हलवत होती. लंबटांगे आपल्याच जाळ्यात गुंडाळून केसांच्या गुंत्यासारखे लोंबत होते. पाल अर्धी मेलेली, भिंतीवरून घसरत येई, पुन्हा चढायला पाही. आणि दारामागची ती मादी उंबऱ्यावर पालथी. तिची चकती फाटली होती, आणि त्यातून मोहरीच्या निम्म्या आकाराची शेकडो पिल्लं बाहेर सांडली होती. काही मेलेली, काही चिकट ओलीत वळवळणारी. फडा मारला तर ती फड्याच्या काड्यांना चिकटून माझ्या मनगटापर्यंत आली. मी तिथंच आंगनात ओकले.

"माय वं, एवढं होतं आपल्या घरात?" सासू म्हणाली. "अन् मी निवांत झोपत होती!"

"ते होतं म्हणून तर झुरळं तुमच्या तोंडावर चढत नव्हती, आई."

"चल, लय मास्तरीन झाली. हात धुव पयले."

मी हात धुवायला हापशीवर गेले. तिथं बाया भरल्या होत्या, सगळ्यांच्या घरून तोच वास. परत यायला अर्धा तास लागला. तेवढ्यात सासूनं रोजच्या सवयीनं वाकळ अंथरली होती आणि तिच्यावर आडवी झाली होती. वाकळ ओली होती. मानेवरचे फोड फुटलेले, उघडी कातडी, आणि ती त्याच मानेनं त्या वाकळीवर.

दिवस मावळायच्या आधीच तिला घाम सुटला. मला वाटलं उकाडा. मग तोंडातून लाळ, थांबेचना. पदरानं पुसते, पुन्हा येते. उलटी झाली, लुगडं खराब झालं. डोळ्यांत पाहिलं तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "ममे, तू अंधारात काहून उभी हायस?" म्हणाली. उन्हं अजून दारात होती.

फकिरानं ऑटो आणला. तो स्वतः डोळे चोळत होता, म्हणाला, "मले बी धुरकट दिसून राह्यलं वहिनी." पांढरकवड्याच्या दवाखान्यातून पुढं यवतमाळला पाठवलं. डॉक्टरांनी लुगडं कापून काढलं, अंग साबणानं धुतलं, फकिरालाही धुतलं आणि शेजारच्या खाटेवर घेतलं. मला विचारलं, "औषध कोणतं?"

तिथून तुम्हाला फोन लावला. आठवतं ना काय बोललात?

"ताई, घाबरू नका. कोळीच चावला असेल. पंचनामा करून घेतो."

"साहेब, चावलं नाही. कॅनमध्ये काय होतं तेवढं सांगा, डॉक्टर थांबले आहेत."

"फवारणी सुरक्षितच होती."

"नाव सांगा न मग!"

फोन बंद. त्यानंतर बंदच.

दुसऱ्या दिवशी तुमच्या माणसांनी माझ्या उकिरड्यावरून, मीच झाडून टाकलेल्या ढिगातून, ती मादी उचलली आणि पुडीत भरली. हा चावणारा! साहेब, तिच्या पोटाला चकतीचा फाटका तुकडा अजून चिकटलेला आहे. ती दुपारी बारालाच मेली होती, तुमच्याच फवाऱ्यानं. सासू आडवी झाली त्यानंतर. मेलेली मादी उठून चावली का? डॉक्टरांनी सासूचं अंग नखापासून केसापर्यंत पाहिलं, चावल्याची खूण नाही. पुडी पाहून ते म्हणाले, "हे पोलिसांना दाखवा, मला नको."

फकिरा दवाखान्यातून सुटला तसे तुमचे लोक त्याच्या घरी गेले. संध्याकाळी तो वॉर्डात आला, दारातच बसला.

"वहिनी, मले म्हनलं, कॅन तुह्या घरची होती असं लिहून दे."

"दिलं?"

"काहून देऊ? माह्या घरी कॅन असती तं नाव तरी मालूम असतं."

"कुठंय तो कॅन?"

"जीपमध्येच परत गेली. मीच ठेवून देल्ली, त्याहीनं धुवून ठेव म्हनलं तं मी धुतली नाही. तळाला बोटभर असंन."

बोटभर. ते बोटभर डॉक्टरांना मिळालं असतं तर हा कागद लिहायची पाळी आली नसती.

तपासणी समिती ठरल्या दिवशी आली. आमच्या कुलूपबंद घराच्या दारावर चिठ्ठी चिकटवून गेली. संघर्ष ट्रक अर्ध्यावर सोडून घरी आला, त्यानं फोनवर वाचून दाखवली. "जळमटे: निरंक. कोळी: निरंक. उत्तम." मग म्हणाला, "ममता, न्हाणीत लंबटांगा पुन्हा जाळं बांधून राह्यला." तिसऱ्या दिवशी! म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही हे केलं तेही झालं नाही. वास मात्र गेला नाही. तानाबाईची नात सलोनी खोकते आहे. बावीस घरांत फवारलं, बावीस घरांत लोक त्याच वाकळांवर झोपतात. मी फोन करून करून सांगितलं, अंथरूण जाळा, भिंती धुवा. कोणी ऐकतं, कोणी म्हणतं साहेबानं सुरक्षित सांगितलं.

आज सकाळी सासूनं डोळे उघडले. नळी आहे, बोलता येत नाही. हातानं खूण करून पाणी मागितलं, द्यायचं नाही असं सांगितलेलं आहे. तिनं माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही, बोटं थरथरत होती, मांडीचं मांस आपोआप उडत होतं. डॉक्टर म्हणाले, बिघडायला वेळ लागणार नाही, दोन दिवस धोक्याचे आहेत. आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा माहीत नाही म्हणाले. मला लाज वाटली, आणि ती लाज माझी नाही, तुमची आहे, मी उगाच वाहते आहे.

तुम्हाला शिक्षा व्हावी की न व्हावी हे नंतर पाहू. पंचनामा खोटा ठरवायलाही मला नंतर वेळ आहे. सासूला नाही. हा कागद संघर्ष तुमच्या टेबलावर ठेवेल आणि उत्तर मिळेस्तोवर तिथून हलणार नाही. माझा फोन चालू आहे.

सांगा साहेब, त्या कॅनमध्ये कोणकोणतं औषध कालवलं होतं?