एकच बटण मास्तर आणि इतर दोनशे अकरा जण

बटणं-लेस-लोकरीचं ते दुकान थोरलीचं, असंच सगळे म्हणायचे. पाटीवर नाव दोघी बहिणींचं असलं तरी धाकटीही तसंच म्हणायची. थोरली पुढे काउंटरवर, धाकटी मागे पडद्याआड शिलाई मशीनवर, ही वाटणी सव्वीस वर्षं चालली. थोरलीला जीभ होती, धाकटीला हात. पुढे थोरलीचं गिऱ्हाइकांशी गप्पांचं गुऱ्हाळ चालायचं आणि मागे धाकटी काजं करता करता कान देऊन ऐकायची. गावातल्या निम्म्या लोकांचे आवाज तिला पाठ होते. चेहरा मात्र एकाचाही नाही.

दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि थोरली गेली. धाकटी पडद्याबाहेर आली खरी, पण नुसती बसायला. गिऱ्हाईक मागेल ते द्यायची, सुटे द्यायची, मग दोघांनाही काय बोलावं ते सुचायचं नाही. हळूहळू माणसं यायची कमी झाली.

थोरलीची लेक एका कचेरीत कॉम्प्युटरचं काम करायची. एक दिवस ती म्हणाली, "मावशी, गिऱ्हाईक आपल्याकडे येत नसेल तर आपण गिऱ्हाइकाकडे जाऊ. दुकान ऑनलाइन टाकू."

"जे लोक समोर येऊन बटण घेत नाहीत, ते फोटो बघून घेणार?"

"बघ तरी."

तीन रविवार दोघींनी पांढऱ्या कागदावर बटणं मांडून फोटो काढले. शिंपल्याची, लाकडाची, काचेची, कोटाची जाड, बाळाच्या झबल्याची एवढीएवढीशी. वेबसाइट तयार झाली. आता लोकांना कळवायचं कसं? लेकीला आईची वही आठवली. शेवटच्या चार-पाच वर्षांत तिनेच आईच्या मागे लागून गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते लिहून घ्यायला लावले होते. वहीत तीन रकाने होते: कोण, पत्ता, शेरा. धाकटीने आठवडाभर एका बोटाने दोनशे बारा ओळी कॉम्प्युटरवर उतरवल्या. वहीत जसं होतं तसं, काना-मात्रेचा फरक न करता.

"'नमस्कार'च्या पुढे प्रत्येकाचं नाव आपोआप बसतं," लेकीने समजावलं. तिने स्वतःला एक मेल पाठवून पाहिला. 'नमस्कार चिमणी,' असा तो आला. आई तिला चिमणीच म्हणायची. लेकीचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी यादीवर पुन्हा नजर टाकायची राहून गेली. शनिवारी सकाळी दहा वाजता तिने बटण दाबलं.

सव्वादहाला फोन वाजला.

"मी भांडकुदळ?"

धाकटीने आवाज तत्क्षणी ओळखला. लेस मोजताना दर वेळी वाद घालणारी बाई.

"अहो, काय झालं?"

"काय झालं? 'नमस्कार भांडकुदळ मोजपट्टी, आमचं दुकान आता तुमच्या घरी!' माझ्या सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं! येतेच मी तिकडे!"

फोन आपटला गेला. लेकीने यादी उघडली. थोरलीला माणसाचं सगळं लक्षात राहायचं, नाव सोडून. 'कोण'च्या रकान्यात तिने नावं लिहिलीच नव्हती. 'घाईवाल्या बाई.' 'नाकात बोलणारे वकील.' 'हिरवी लोकर, रडून गेली.' 'जुळ्यांची आजी, गोड.' 'एकच बटण मास्तर.'

"मावशी, तू टाइप करताना काहीच कसं बोलली नाहीस गं?"

"मला वाटलं, तुमच्या कॉम्प्युटरात असंच असतं," धाकटी म्हणाली. "आणि खरं सांगू? मला ती नावंच वाटली. तिच्या तोंडून तीच ऐकली होती ना."

लेक कपाळाला हात लावून माफीचा मजकूर लिहायला लागली. तेवढ्यात उत्तरं येऊ लागली. एकोणीस जणांनी यादीतून नाव काढून टाकलं. नाकात बोलणाऱ्या वकिलांनी एकाच ओळीत विचारलं होतं, 'ही नोटीस समजावी काय?' जुळ्यांच्या आजीने लिहिलं होतं की इतक्या वर्षांत आपल्याला कोणी गोड म्हटलेलं नाही, मेल छापून भिंतीवर लावलाय.

हिरव्या लोकरवालीचं उत्तर लांब होतं. 'त्या दिवशी मी का रडले ते त्यांनी विचारलं नाही. स्टूल दिलं, पाणी दिलं आणि अर्धा तास मला लोकरीच्या लडी गुंडाळायला लावल्या. ती लोकर मी कधी विणली नाही. तुमच्या मेलमुळे आज कपाटातून काढली.'

लेक वाचता वाचता थांबली. पुढचं धाकटीने वाचलं, एकेक शब्द लावत. ते मास्तरांचं होतं. 'आईला शेवटी शेवटी काही आठवत नसे. दिवसभर स्वेटरचं वरचं बटण ओढत बसायची आणि ते तोडायची. बटण हरवलं की कासावीस व्हायची. म्हणून मी येत असे, दर वेळी एकच न्यायला. तसंच बटण दर वेळी कसं मिळायचं, हे कोडं मला कधी सुटलं नाही. आई गेली. तुमच्या ताईही गेल्याचं आज मेलमधून कळलं.'

धाकटी उठली. वहीत मास्तरांच्या ओळीपुढच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'खालचा खण, डावीकडे. कोणाला देऊ नये.' तिने खण ओढला. निळ्या बटणांचं एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. चोवीसपैकी सात बटणं उरली होती. सव्वीस वर्षं ती या खणापासून चार हातांवर बसली होती आणि तिला याचा पत्ता नव्हता.

तिने आपल्या एका बोटाने उत्तर टाइप केलं: 'सात शिल्लक आहेत. तुमच्याच नावाने ठेवली आहेत.'

दहा मिनिटांनी कॉम्प्युटर टुणकन वाजला. वेबसाइटवर पहिली ऑर्डर पडली होती. त्या बटणांचा फोटो साइटवर नव्हताच, म्हणून 'इतर मागणी'च्या चौकटीत लिहिलं होतं: निळी बटणं, नग सात. लेक हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आईमागे पोरगी इतकी मोकळी कधी रडलीच नव्हती.

आणि तेवढ्यात दारात ती लेसवाली बाई उभी राहिली. धाप लागलेली, उंचीने जेमतेम काउंटरएवढी. आवाजावरून धाकटीने तिला सहा फुटी धरलं होतं.

"कुठाय ती वही?"

धाकटीने वही पुढे सरकवली. बाईने चष्मा लावून आपली ओळ शोधली. शेरा मोठ्याने वाचायला लागली, पण आवाज बसत गेला. 'मोजते बरोबर. आपली पट्टी झिजली आहे. हिला चार बोटं जास्त द्यावी, पण कबूल करू नये.'

"बघ!" बाई म्हणाली. "बारा वर्षं सांगत होते मी! बारा वर्षं!" मग ती थोरलीच्या स्टुलावर बसली आणि पदराने चष्मा पुसायला लागली. चष्मा काही केल्या पुसला जाईना.

"सामान काही हवं होतं का?" धाकटीने विचारलं.

"पांढरी लेस. दोन मीटर. आणि नीट मोज."

धाकटीने लेस ताणून मोजली.

"कमी आहे," बाई म्हणाली.

कधी नव्हे ती धाकटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अजिबात कमी नाही. पट्टी नवी आहे माझी!"

"नवी असो नाहीतर सोन्याची, कमी आहे!"

"मग स्वतः मोजा!"

दोघींचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. वाटेने जाणारे दोघे-तिघे थबकले आणि कित्येक महिन्यांनी त्या दुकानात डोकावले.