मिसरीची डबी

माझ्या सहा वर्षांच्या कावेरीची दाढ दुखायली की आमच्या सासूबाई तिच्या दाढेला मिसरी लावायच्या. "तंबाखू हाय ती, लेकराला लावू नका," असं मी शंभरदा सांगितलं. "दोन मिनिटांत गप होती पोरगी. तुझ्या गोळीनं होती का?" हेच उत्तर. डोकं फिरायची पाळी आली माझ्यावर.

शेवटी मजुरी बुडवून, एसटीत उभं राहून कावेरीला सेलूला नेलं. डॉक्टरांनी किडलेली दाढ काढली. मिसरीचं कळल्यावर ते माझ्यावरच खेकसले. घेतलं ऐकून. म्हटलं, आता दाढच न्हाई, तर मिसरी लावतील कशाला?

आठ दिवस झाले अन् सकाळीच कावेरी गाल धरून आजीजवळ गेली. "आजे, दाढ लय दुखायलीय. लाव की."

"कोणती दाढ? दाखव!" मी चुलीपासून ओरडले.

तिनं आ केला. बोट त्याच मोकळ्या हिरडीवर, अन् डोळे डबीवर.

सासूबाई डबीचं झाकण उघडत म्हणाल्या, "बघ, तुझ्या डॉक्टरला साधी दाढबी नीट काढता आली न्हाई."