उलटी नळी

शेगडीचा धूर छपराबाहेर नेणाऱ्या नळीवर, खालून दुसऱ्या सांध्यापासून वीतभर खाली, एक काळा ओघळ उतरला होता. रुंदी करंगळीएवढी, वर चकचकीत, टोकाशी वाळलेला. शेगडी सकाळपासून विझवलेली होती. मिस्त्रीने ओघळ नखाने खरवडला, तर नखात डांबरासारखा चिकट थर आला.

"घर उबदार झालं हो मिस्त्री," खाटेवरून आजी म्हणाल्या, "पण तुमच्या नळीला मिशी फुटली."

त्यांची सून हसली नाही. महिन्यापूर्वी शेगडी बसवली तेव्हापासून जळकट वास येतो, सासूबाईंचे डोके सकाळी जड असते आणि बाळ याच खोलीत झोपते, असे तिने एका दमात सांगितले. आताही वास येतोय ना, असे तिने विचारल्यावर मिस्त्री वाकला, सांध्याशी नाक नेले आणि जरा थांबून मान डोलावली.

त्याला कसलाच वास आला नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात त्याचे नाक गेले ते गेलेच. शेगडी जोडून झाली की पहिला जाळ करायचा आणि प्रत्येक सांधा हुंगून धूर कुठे निसटतो का ते बघायचे, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. तो अजूनही सांध्यासांध्याशी वाकत असे. नाक गेल्याचे घरात कुणाला सांगितले नव्हते. सांगायचे म्हणजे काम सोडायचे. हा हंगाम संपू दे, मग बघू, असे म्हणत दोन हंगाम उलटले होते.

मिस्त्रीची मुलगी छपरावर चिमणी झाडत होती. सहा वर्षे ती त्याच्याबरोबर काम करत होती. ही शेगडी बसवली त्या दिवशी मात्र ती दुसरीकडे होती; हे काम कुणाच्या हातचे ते तिला ठाऊक नव्हते. खाली येऊन तिने हात पुसले आणि सांध्यावरून बोट फिरवले.

नळीचे एक टोक चुणीदार, अरुंद असते. ते खालच्या नळीच्या आत जायला हवे, म्हणजे ओली काजळी आतल्या आत शेगडीत उतरते. इथे प्रत्येक नळीच्या चुण्या वर होत्या. धूर वर जातो म्हणून फसू नकोस, काजळी कुठे जाते ते बघ, हे तिला त्यानेच शिकवले होते.

"कुठल्या गाढवाने जोडलंय हे? साधा वास घेतला असता तरी कळलं असतं."

सुनेने मिस्त्रीकडे पाहिले. आजी छताकडे बघू लागल्या.

मग मुलीचे बोट एका स्क्रूवर थांबले. सांध्याला तीन स्क्रू, अगदी सारख्या अंतरावर, तिन्हींच्या खाचा उभ्या. असे पिळणारा माणूस तिला एकच ठाऊक होता. तिने घाईने पेचकस उचलला आणि हल्ली पत्राच खराब येतो, कुणाच्याही हातून होतं असं, म्हणून सुनेला समजावू लागली.

"पत्र्याला बोल लावू नकोस," मिस्त्री म्हणाला. तो सुनेकडे वळला. "मीच जोडली, ताई. दोन वर्षं झाली, मला वास येत नाही, म्हणून चूक कळली नाही. हे नीट होईपर्यंत शेगडी पेटवू नका. बाळाला आज दुसऱ्या खोलीत झोपवा."

मुलीने पेचकस पहिल्या स्क्रूच्या खाचेत बसवला.

"आजपासून शेगड्या तू जोडायच्या," तो तिला म्हणाला. "मी काम सोडलं."